थायरॉइड कॅन्सरनंतरची टीजी तपासणी: कोल्हापुरातल्या माझ्या लॅबबद्दल

माझी थायरॉइड ग्रंथी पॅपिलरी कॅन्सरमुळे पूर्ण काढलेली आहे. ऑपरेशन कोल्हापुरात झालं, किरणोत्सारी आयोडीनचा डोस मुंबईला, परळच्या टाटा ॲनेक्स इमारतीतल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरोनॉर्म, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, आणि ठरलेल्या मुदतीला मानेची सोनोग्राफी व रक्तातल्या थायरोग्लोब्युलिनची तपासणी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिचं नाव नुसतं टीजी असतं. ही तपासणी मी ज्या लॅबमध्ये करते तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लॅबचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्या शाखा बऱ्याच आहेत आणि सगळीकडे असंच काम होत असेल याची खात्री मी देऊ शकत नाही. पण लॅब कशी पारखायची ते सांगू शकते. मी सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. नमुना, लेबल, यंत्राचं कॅलिब्रेशन यातच माझा नोकरीतला वेळ जातो, त्यामुळे रक्ताच्या लॅबमध्येही नजर तिकडेच जाते.

आधी तपासणीबद्दल, कारण ती नीट कळली नाही तर लॅबचं चांगलं-वाईट कळणार नाही. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन शरीरात फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. निरोगी पेशी बनवतात, तशाच पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरच्या पेशीही बनवतात. ग्रंथी पूर्ण काढली आणि उरलासुरला भाग आयोडीनने जाळला, की हे प्रथिन बनवणारं शरीरात कोणी राहायला नको. रक्तात ते सापडलं आणि वाढत गेलं, तर कुठेतरी थायरॉइडच्या पेशी आहेत. मानेतल्या गाठीत असतील, क्वचित फुप्फुसात किंवा हाडात. सोनोग्राफीत दिसण्याइतकी गाठ मोठी व्हायच्या आधीसुद्धा रक्त हे सांगू शकतं, म्हणून या तपासणीला इतकं मोल. ऑपरेशननंतर लगेच मात्र ती करायची नसते. आधीचं टीजी रक्तातून उतरायला काही आठवडे लागतात. साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पहिला आकडा घेतात.

मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरला ही तपासणी चालत नाही, त्यांच्यासाठी कॅल्सिटोनिन आणि सीईए या वेगळ्या रक्ततपासण्या असतात. आणि ज्यांची अर्धीच ग्रंथी काढली आहे त्यांच्यात उरलेली अर्धी टीजी बनवतच राहते, त्यामुळे त्यांचा आकडा वाचणं डॉक्टरांनाही अवघड जातं. माझ्या जाऊबाईंना गळ्यात छोटी गाठ निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्याबरोबर माझीही टीजी करून टाकूया, मनाला शांती." त्यांना मी थांबवलं. ग्रंथी जागेवर असताना साध्या गलगंडातही टीजी वाढतं, सूज असली तरी वाढतं. त्यावरून कॅन्सर आहे की नाही ते ठरत नाही. त्यांना सोनोग्राफी आणि लागली तर सुईची तपासणी, एवढंच हवं होतं.

आता लॅब. मी इथे आले ती दुसऱ्या एका ठिकाणी आलेल्या अनुभवानंतर. तिथे काउंटरवर चिठ्ठी दिली, पैसे भरले, रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला तो ट्रायग्लिसराइडचा. डॉक्टर मोठा टी आणि छोटा जी लिहितात. काउंटरवरच्या मुलीने ते सवयीने कोलेस्टेरॉलच्या खान्यातलं टीजी समजून टाइप केलं. पुन्हा गेले, तर त्यांनी घेतली ती अँटी-थायरोग्लोब्युलिन, म्हणजे या प्रथिनाविरुद्ध शरीर बनवतं त्या अँटीबॉडीची तपासणी. तीही हवीच होती, पण मूळची राहिलीच. नंतर रांगेत भेटलेल्या कितीतरी जणींनी मला हीच तक्रार सांगितली. कोणाच्या पावतीवर नुसतं थायरॉइड प्रोफाइल लागलेलं, म्हणजे टी३, टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स आणि थायरॉइडला काम करायला लावणारं टीएसएच. म्हणून पैसे भरण्याआधी पावती वाचा. तिच्यावर 'थायरोग्लोब्युलिन' आणि 'अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडी' ही दोन्ही नावं पूर्ण लिहिलेली पाहिजेत.

सध्याच्या लॅबमध्ये हा प्रश्न आला नाही. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी बघितल्याबरोबर विचारलं, "ताई, ऑपरेशन झालंय काय थायरॉइडचं?" हो म्हटल्यावर त्याने दोन्ही तपासण्या एकत्र लावल्या आणि टीएसएच त्याच नळीतून होईल असं सांगितलं. मग पुढचा प्रश्न, "केसाच्या गोळ्या चालू आहेत काय?" त्या चालू होत्या. ऑपरेशननंतर केस फार गळत होते, त्वचेच्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅम बायोटिन दिलं होतं. त्याने रक्त घेतलं नाही. तीन दिवस गोळी बंद करून या म्हणाला. त्या दिवशी अर्धी रजा गेली म्हणून मी नाराज होते, पण घरी येऊन वाचलं तेव्हा त्या मुलाबद्दल आदर वाटला. बऱ्याच यंत्रांच्या रसायनांत बायोटिनचाच वापर पकड म्हणून केलेला असतो. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन जास्त असलं की टीजी आहे त्यापेक्षा कमी दिसतं. म्हणजे आजार असला तरी रिपोर्ट स्वच्छ. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये बायोटिनमुळे प्रयोगशाळेच्या तपासण्या चुकतात असा इशारा दिला होता. थायरॉइडच्या तपासण्यांआधी ते किमान दोन दिवस बंद ठेवावं असं तज्ज्ञ सांगतात, आमची लॅब तीन सांगते. हा एक प्रश्न विचारणारा माणूस काउंटरवर असणं, माझ्या मते, लॅबच्या चकाचक रिसेप्शनपेक्षा शंभर पटीने मोलाचं आहे.

रक्त घेण्याचं काम व्यवस्थित. नळीवर लेबल माझ्यासमोर लागतं, नाव आणि वय मोठ्याने वाचून. माझ्या शिरा बारीक आहेत, तरी एका टोचण्यात काम होतं. उपाशीपोटी यायची टीजीसाठी गरज नसते. पण मी सकाळी लवकर जाते, रक्त देऊन मगच गोळी घेते, कारण माझ्या डॉक्टरांनी तशीच सवय लावली आहे.

अँटीबॉडीबद्दल जरा थांबून लिहिते, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे. मला कॅन्सरबरोबर हाशिमोटोही होता. म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध अँटीबॉडी तयार करत होतं. या अँटीबॉडी रक्तातल्या थायरोग्लोब्युलिनला चिकटून बसतात, आणि यंत्राच्या रसायनाला त्याला पकडायला जागाच उरत नाही. परिणाम असा की टीजी प्रत्यक्षात असूनही आकडा शून्याजवळ येतो. थायरॉइड कॅन्सरच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाला हा प्रकार असतो. माझा पहिला रिपोर्ट आला तेव्हा टीजी ०.१ पेक्षा कमी होतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे हात जोडले गेले, मामांनी अंबाबाईला ओटी भरायला सांगितली. डॉक्टरांनी मात्र खालची ओळ वाचली, अँटीबॉडी ४६, मर्यादा ४. ते म्हणाले, "वहिनी, या ०.१ वर आपल्याला विसंबता येणार नाही. आपण अँटीबॉडीच बघत राहू. ती वर्षागणिक उतरत गेली तर समजायचं की तिला डिवचणारं थायरॉइड शरीरात उरलेलं नाही. चढली, तर शोधायचं." ग्रंथी गेल्यावर अँटीबॉडी पूर्ण जायला काही वर्षं लागू शकतात. तेव्हापासून माझ्यासाठी अँटीबॉडी हाच खरा मार्कर. ज्या लॅबने टीजीबरोबर ती आपणहून लावली नाही, तिथून मी रिपोर्ट घेणार नाही.

माझी अँटीबॉडी ४६ वरून २८ वर आली, मग १७ वर. आणि पुढच्या रिपोर्टमध्ये एकदम १३८.

रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला. त्यावर आकडा, एवढंच. घरात कोणी जेवलं नाही. मिस्टर सारखे म्हणत होते की सकाळी मुंबईची गाडी पकडू. मी रिपोर्ट पुन्हा उघडला आणि आधीच्या रिपोर्टशेजारी ठेवून ओळ न ओळ ताडली. आकड्याशेजारची मर्यादा बदललेली होती. पूर्वी ४ पर्यंत निगेटिव्ह, आता ११५ पर्यंत. तळाशी बारीक अक्षरांत पद्धतीचं नाव असतं, तेही वेगळं होतं. लॅबने यंत्र बदललं होतं. आमच्याकडे गळीत हंगामात उसाचा एकच रस दोन पोलॅरिमीटरवर, म्हणजे साखर मोजणाऱ्या यंत्रांवर, लावला तरी पोलचा, म्हणजे साखरेचा, आकडा किंचित सरकतो, आणि तेवढ्यावरून उताऱ्याचा हिशेब हलतो. तिथे फरक दशांशाचा असतो. अँटीबॉडीत पद्धत बदलली की फरक पटींमध्ये पडतो, कारण प्रत्येक कंपनीची मोजपट्टीच निराळी. टीजीचं त्या मानाने बरं आहे. त्याला सीआरएम-४५७ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. तरीही एकाच रक्ताचे दोन पद्धतींतले आकडे दुपटीपर्यंत वेगळे येऊ शकतात.

सकाळी लॅबमध्ये फोन केला. काउंटरवरून पॅथॉलॉजिस्ट मॅडमना जोडून दिलं, आणि इथे या लॅबने माझा विश्वास जिंकला. मॅडमनी माझे जुने रिपोर्ट स्वतः उघडले, पूर्ण ऐकून घेतलं. "तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, या दोन आकड्यांची तुलना होऊ शकत नाही," असं सरळ सांगितलं. मग त्यांनी पुन्हा रक्त घेतलं आणि ते दोन्हीकडे लावलं. एक इथल्या नव्या यंत्रावर, दुसरं त्यांच्या ज्या शाखेत अजून जुनी पद्धत होती तिथे. त्याचे पैसे घेतले नाहीत. जुन्या पद्धतीने अँटीबॉडी १५ आली, नव्या पद्धतीने १३३. म्हणजे उतार चालूच होता. १३३ हा आता माझा नवा पाया, इथून पुढचं सगळं याच्याशी ताडायचं. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक रुग्णाला माहीत हवी. ११५ ही मर्यादा हाशिमोटोसारख्या आजारांचं निदान करण्यासाठी ठरवलेली आहे. तिच्याखालची अँटीबॉडीसुद्धा टीजीचा आकडा बिघडवू शकते. म्हणून पुढे माझा आकडा ११५ च्या आत येऊन रिपोर्टवर निगेटिव्ह छापलं गेलं, तरी आम्ही तो मोजतच राहणार.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती मी त्यांना लेखी दिली. यंत्र बदलताना, ज्या रुग्णांचे जुने आकडे लॅबकडेच आहेत त्यांना आधी कळवायला हवं. थायरॉइड कॅन्सरचे असे रुग्ण एका शाखेत असून किती असणार? ऐनवेळी दोन्ही पद्धतींनी करून दिलं ते मी विचारलं म्हणून. जिला पद्धतीची ओळ वाचता येत नाही ती बाई त्या १३८ वर स्कॅन करत फिरली असती.

रिपोर्टच्या छपाईबद्दलही बोलायला हवं, हे जवळपास सगळ्याच लॅबना लागू आहे. टीजीच्या पुढे ३.५ ते ७७ अशी मर्यादा छापलेली असते. ती ग्रंथी शाबूत असलेल्या माणसाची. माझा ०.०४ पेक्षा कमी आकडा त्यामुळे लाल अक्षरात 'लो' म्हणून येतो, आणि ज्यांना कोणी सांगितलेलं नसतं ते घाबरतात. याच्या उलटं जास्त वाईट. वेटिंगमध्ये इचलकरंजीच्या एक बाई भेटल्या होत्या. ग्रंथी पूर्ण काढून, आयोडीन घेऊन बरेच महिने झालेले. रिपोर्टवर टीजी ९.४, शेजारी काही खूण नाही, म्हणजे छापील मर्यादेत. त्या खुशीत होत्या, डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात जाणार होत्या. मी त्यांना हात धरून सांगितलं की ही मर्यादा आपल्यासाठी नाही, आजच डॉक्टरांना फोन करा. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या सूचनांमध्ये, ग्रंथी पूर्ण काढून आयोडीन घेतलेल्या रुग्णाचं गोळी चालू असताना टीजी ०.२ पेक्षा कमी आणि सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर उपचाराला प्रतिसाद उत्तम धरला आहे. १ किंवा त्याहून जास्त आलं, तर कुठे काही दिसत नसलं तरी रक्ताच्या दृष्टीने काम अपुरं राहिलंय असं धरतात. मधला पट्टा म्हणजे थांबून बघायचं. माझ्या लॅबच्या रिपोर्टखाली आता यातला थोडा मजकूर टीप म्हणून येतो. अक्षर बारीक आहे, पण येतो.

याच कारणाने यंत्र किती खालपर्यंत मोजू शकतं तेही विचारा. जिथे १ च्या खाली सगळं एकच धरलं जातं, तिथे ०.३ चं ०.७ झालेलं तुम्हाला कळणारच नाही. नव्या यंत्रांना ०.१ पर्यंतचा आकडा भरवशाने देता येतो, आणि त्यामुळे एक मोठा त्रास वाचला आहे. पूर्वी टीजी नीट उमटावं म्हणून गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवून टीएसएच ३० च्या वर जाऊ देत. आयोडीनच्या डोसाआधी मी ते भोगलं आहे. चेहरा सुजलेला, आवाज जड, जिना चढताना पाय ओढावे लागत होते, कारखान्यात साधी बेरीज दोनदा करावी लागत होती. त्याला पर्याय म्हणून बाहेरून टीएसएचची इंजेक्शनं मिळतात, लागोपाठ दोन दिवस दोन, पण ती फार महाग. आता बहुतेक रुग्णांना नुसत्या नेहमीच्या तपासणीवर निभावता येतं. टीएसएच बरोबर मोजायचं ते मात्र सोडू नका. गोळीचा डोस कमी होऊन टीएसएच चढलं असेल तर टीजीही थोडं वर सरकू शकतं, आणि ते आजारामुळे की डोसामुळे हे टीएसएच बघूनच कळतं.

आता एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, तिच्या शिक्क्याबद्दल. शिक्का असणं चांगलंच, पण लॅबला मान्यता असली म्हणजे तिथली प्रत्येक तपासणी त्या मान्यतेत बसते असं नाही. जी बसत नाही तिच्यापुढे रिपोर्टवर खूण असते. टीजीपुढे ती आहे का बघा. शिवाय रक्त कुठे तपासलं जातं तेही विचारा. गावोगावची कलेक्शन सेंटरं नमुना बर्फाच्या डब्यातून मोठ्या लॅबला पाठवतात. त्यात वावगं काही नाही, फक्त दर वेळी एकाच ठिकाणी जातो ना, एवढं पक्कं करा.

घरी येऊन रक्त नेण्याची सोय मी एकदा वापरली. आलेली मुलगी हाताने हुशार होती, वागायला गोड होती. पण बायोटिनचं तिने विचारलं नाही, आणि पद्धतीबद्दल तिला काही सांगता आलं नाही. या तपासणीसाठी मी शाखेतच जाते. दोन्ही तपासण्या मिळून मला अडीच हजारांच्या आत पडतात. स्वस्त पॅकेजच्या जाहिराती रोज येतात, साठ-साठ तपासण्या एका किमतीत, पण मी पाहिलेल्या त्या यादींत टीजी नव्हतं. सगळे जुने आकडे एका पानावर देणारा एकत्रित रिपोर्ट इथे मिळतो, मात्र मागितला तरच. तो मागून घ्या, डॉक्टरांचं काम निम्म्यावर येतं. सकाळी आठनंतर गर्दी असते आणि गाडी लावायला जागा नाही.

पाचपैकी चार तारे देते. चारही त्या काउंटरवरच्या मुलाचे आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमचे. पद्धत बदलली तर रुग्णाला आधी मेसेज जाईल अशी व्यवस्था करतो, असं लॅबने माझ्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे. ती झाली की पाचवा तारा इथेच येऊन देईन.